वेगळ्या ताटलीतली सुई

“तिले काय होते? तिनं त सात सुया घेतल्या हायेत.”

सरपंच चहा पिता पिता हे म्हणाले. दवाखान्याच्या ओसरीवर ते, बाबा आणि कंपाउंडर काका बसले होते. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, रोग्यांना गावाबाहेरच्या शाळेत हलवलं होतं आणि त्यांच्याजवळ तिथेच राहायला कोणाला पाठवायचं, ते ठरत होतं. मी आतल्या औषधांच्या खोलीत स्टुलावर बसून लस टोचलेल्यांची नावं चांगल्या अक्षरात उतरवत होते. दाराला पडदा होता. मला सगळं ऐकू येत होतं, मी कोणाला दिसत नव्हते. मला अशीच जागा आवडते.

“खरं आहे,” बाबा म्हणाले. “आज या गावात सगळ्यांत पक्की तीच.”

दवाखान्याच्या आयाबाई ओसरीच्या खालच्या पायरीवर उभ्या होत्या. वर बसा असं त्यांना कोणी म्हणत नसे आणि त्याही बसत नसत. “मंग मीच जातो न साहेब,” त्या म्हणाल्या. “मले पाहून त मरीमायच वापस पळते.”

पटकीची देवी पळते म्हटल्यावर सगळे हसले. कंपाउंडर काका सगळ्यांत जास्त.

माझ्यापुढे तेव्हा आयाबाईंच्या वस्तीचं पान होतं. त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं, सासूचं होतं, दोन्ही मुलग्यांचं आणि सुनेचं होतं. आयाबाईंचं नव्हतं. मी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. कुठेच नव्हतं. त्या सात सुयांमध्ये काय होतं हे त्या ओसरीवर फक्त बाबांना माहीत होतं, आणि पडद्याआड मला.

पाणी होतं.

आमचं गाव घाटंजीच्या पुढे, नाल्याच्या काठी. बाबा तिथल्या दवाखान्याचे डॉक्टर. मी नागपूरला, मिशनच्या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकले. तिथे सगळं इंग्रजीतून चालायचं, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही हा पहिला नियम होता. तो मला शिकवावा लागला नाही, मी तशीच होते. शाळा संपवून घरी आले तेव्हा अठरा वर्षांची होते आणि गावातलं बोलणं मला निम्मंच कळायचं. बायका मला ‘मडम’ म्हणायच्या, काही तोंडावर, काही मागून. आयाबाई मात्र ‘बेबी’ म्हणायच्या, कारण माझी आई तसं म्हणायची.

त्या पावसाळ्यात पटकी आली. खालच्या अंगाच्या गावांमधून नाल्याकाठानं वर सरकत आली. यवतमाळहून लसीची पेटी आली, पण टोचून घ्यायला कोणी तयार होईना. पहिल्या दिवशी बाबांनी देवळापुढच्या पारावर सगळ्यांदेखत स्वतःला टोचून घेतलं आणि मग कंपाउंडर काकांना टोचलं. दुसऱ्या दिवशी दोघांचेही दंड सुजले, दोघांना ताप आला, आणि गावात झालं की डॉक्टरच आजारी पडला.

मग प्रत्येक गल्ली म्हणू लागली, आधी आमच्यासमोर कोणाला तरी टोचा. वरच्या गल्लीत एकानं आयाबाईंकडे बोट दाखवलं. “हिले टोचा. दोन रोज पाहू. काही झालं नाई त आमी हाओच.”

आयाबाई पुढे झाल्या, पदर खांद्यावरून सारून त्यांनी दंड उघडा केला. बाबांनी सिरिंज उचलली तेव्हा तोच माणूस म्हणाला, “पण तिले टोचलेली सुई आमाले लावायची नाई, साहेब. ते आधीच सांगून ठेवतो.”

आयाबाईंच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेऊन तेव्हा आठेक वर्षं झाली होती. गावाच्या लेखी त्यानं काही बदललं नव्हतं. सुया उकळून घेतो, त्यात कोणाचं काही उरत नाही, हे बाबा सांगू शकले असते. ते म्हणाले, “ठीक आहे. तिची वेगळी ठेवतो.” त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. लोक लस घेताहेत ना, मग एवढं चालेल, असा त्यांचा हिशेब होता. मलाही तेव्हा तो शहाणपणाचा वाटला.

घरी आल्यावर त्यांनी मला बोलावलं. एक निळ्या काठाची इनॅमलची ताटली, एक सिरिंज आणि एक सुई त्यांनी बाजूला काढली. “ही आयाबाईची. रोज तू उकळायची आणि यात डिस्टिल्ड वॉटर भरायचं. सात गल्ल्यांमध्ये सात वेळा लस टोचली तर ती तापानं फणफणेल, शिवाय लस वाया जाईल. खरी तिला तिच्या वस्तीत सगळ्यांबरोबर मिळेल.” मग म्हणाले, “कंपाउंडरला सांगू नको, त्याच्या पोटात काही राहत नाही. आणि आयाबाईलाही नको. तिच्या चेहऱ्यावर लगेच दिसेल.”

बाबांनी माझ्यावर सोपवलेलं हे पहिलंच काम. मी ते फार नीट केलं. स्पिरिटच्या स्टोव्हवर वेगळ्या भांड्यात पाणी उकळायचं, चिमट्यानं सुई काढायची, भरलेली सिरिंज ताटलीत ठेवून वरून स्वच्छ रुमाल झाकायचा. लस थोडी गढूळ असते, ताकाच्या निवळीसारखी. आयाबाईंच्या सिरिंजमधलं पाणी आरपार दिसायचं. कोणी निरखून पाहिलं असतं तर कळलं असतं. पण सगळे आयाबाईंच्या तोंडाकडे पाहायचे, त्या ओरडतात का म्हणून.

त्या ओरडायच्या नाहीत, उलट गंमत करायच्या. “मी म्हंजे गावाच्या भाजीचं मीठ पाहनारी,” त्या म्हणायच्या. “बरं लागलं त तुमी खा.” एखादी म्हातारी मागे सरकली की तिला म्हणायच्या, “अवं माय, लेकरं काढताना नाई मेली, आता मुंगी चावल्यानं मरतं का?” मग रांग लागायची. बाबांच्या बोलण्यानं लागली नव्हती तेवढी लागायची. दंड सुजत नाही याचा त्यांना अभिमान होता. बाबांचा सुजला, कंपाउंडरचा सुजला, पाटलाच्या घरच्या तरण्या पोरांचे सुजले. “माह्या हाताले काईच होत नाई, बेबी. हाडच पक्कं हाये,” असं म्हणून त्या मला दंड दाखवायच्या. मी दंडाकडे पाहून हसायचे.

आठवा दिवस त्यांच्या वस्तीचा होता. त्या दिवशी बाबांना यवतमाळला बैठकीसाठी बोलावणं आलं. कंपाउंडर काका एकटेच लसीची पेटी घेऊन गेले. मी निघाले तर आई म्हणाली, “आज तुझे बाबा बरोबर नाहीत. तिकडे जायचं तुला काही कारण नाही.” बाकीच्या गल्ल्यांना कारण होतं, या वस्तीला नव्हतं. हे मला जाणवलं होतं. तरी मी चपला काढून ठेवल्या.

वस्तीत काय झालं ते नंतर काकांच्याच बोलण्यातून कळलं. आयाबाई मुलांचे हात धरून उभ्या होत्या. शेवटी काकांनी विचारलं, “तुमचं काय, बाई?” तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “मले सात झाल्या. अजून कायले?” काकांनाही ते पटलं. सातही त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. बाबांना वाटलं, काकांनी दिली असेल. काकांना वाटलं, साहेबांनी दिली आहे. आणि जे टोचलं ते दाखवण्यापुरतं होतं, म्हणून त्या सात सुया रजिस्टरात कधी चढल्याच नव्हत्या.

म्हणून त्या पानावर त्यांचं नाव नव्हतं. मला ते सरपंचांचा चहा संपायच्या आत कळलं. पडदा बाजूला सारून चार पावलं टाकली असती तर ओसरी होती. मी रजिस्टर मिटलं आणि पेनाला टोपण लावलं. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. आयाबाई घरून अंथरूण आणायला गेल्या.

त्या दिवशी जेवताना मी ठरवून बोलायला सुरुवात केली. “बाबा, आयाबाईंना...”

“हं?”

“त्यांना जेवण कोण देणार?”

“नवरा डबा आणून पुलावर ठेवेल. ती येऊन घेईल.” त्यांनी भात कालवला. ते इतके थकले होते की हात मध्येच थांबत होता. मला जे विचारायचं होतं ते मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आरामखुर्चीत झोपले असताना मी एका चिठ्ठीवर इंग्रजीत एक ओळ लिहिली. इंग्रजीत लिहिलं की ते मी लिहिलंय असं मला वाटत नाही, शाळेतल्या कोणीतरी लिहिलंय असं वाटतं. आयाला लस मिळालेली नाही, एवढंच होतं. चिठ्ठी त्यांच्या चष्म्याखाली ठेवली. मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ते उठले की काय विचारतील ते डोक्यात येत गेलं. तुला कधी कळलं? काल का बोलली नाहीस? आयाबाईंच्या जागी शाळेत जायला दुसरं माणूस नव्हतं. यवतमाळहून येणारी नर्स घाटंजीच्या भागातच अडकली होती. आयाबाईंना परत आणलं असतं तर तिथल्या रोग्यांना पाणी कोण पाजणार होतं? आणि का आणलं म्हणून गावानं विचारलं असतं तर बाबा काय सांगणार होते? तुम्हाला मी पाणी टोचून दाखवलं, हे?

हे सगळं खरं होतं. पण चिठ्ठी उचलली ती यामुळे नाही. बाबांचा मोठा आवाज मला ऐकायचा नव्हता म्हणून उचलली. ते जागे व्हायच्या आत मी ती चुलीत टाकली.

शाळेत आयाबाईंकडे काय होतं ते सांगते. दोन खोल्या, सहा बाजा, बाजेच्या मधोमध भोक पाडून खाली बादल्या. ब्लिचिंग पावडरचा एक डबा. रबरी हातमोज्यांचे दोन जोड, त्यातला एक अंगठ्यापाशी फाटलेला. एक स्टोव्ह. साबणाच्या वड्या आईनं घरातल्या दिल्या होत्या. बाबा दिवसातून दोनदा जायचे, सलाईन लावायचे, पुढच्या गावाला जायचे. यवतमाळला त्यांनी माणसं मागणारी तीन पत्रं पाठवली. तिन्ही मीच इंग्रजीत लिहून दिली होती. त्यात सगळं होतं. रोगी किती, बाटल्या किती, रस्ता कसा. अतिशय नम्र पत्रं होती. लस न मिळालेली एक बाई रोग्यांत राहते आहे, हे तेवढं नव्हतं.

उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि औषधं शाळेच्या पायरीवर नेऊन ठेवणं हे माझं काम होतं. ठेवायचं आणि वडाच्या झाडापर्यंत मागे यायचं, मग त्या बाहेर यायच्या. तेवढ्या अंतरावरून आम्ही बोलायचो. मी थोडं, त्या जास्त. एवढं त्या माझ्याशी आधी कधी बोलल्या नव्हत्या. दिवसभर कण्हणं ऐकून त्यांना साधं बोलायला कोणी हवं असेल.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की गावानं मरीमायचा गाडा काढायचं ठरवलंय. पटकी आली की देवीला गाड्यात बसवून शिवेपर्यंत नेतात, म्हणजे रोग पुढच्या गावाला जातो. हा गाडा ओढायचं काम पूर्वापार त्यांच्या वस्तीकडे होतं. “सरपंच माह्या घरच्याले म्हने, या साली तरी ओढा. आमी नाई म्हटलं. सोडलं ते सोडलं. मंग म्हनतेत, तुमी मायले घराबाहेर काढलं म्हनूनच ती गावात फिरून राह्यली.”

“खरंच काढलं होतं?” मी विचारलं.

“मीच काढलं. धर्म घेतला त्या साली. शेंदराचा गोटा होता सासूच्या हातचा. घरच्याचा हात लागेना, सासू रडे. मंग मीच पदरात घेतला अन् नाल्याच्या डोहात टाकून आलो. हाताले शेंदूर लागला तो चार रोज निघाला नाई.” त्या हसल्या. मग पायरीवरची बाटली उचलता उचलता म्हणाल्या, “खरं सांगू, बेबी? एखाद्या येळेस मनात येते, बाहेर काढलेली गेली कुठं असंन? मंग म्हनतो, जाऊ दे. मले सुया हायेत न सात.”

बारा पावलांवर त्या उभ्या होत्या. आजूबाजूला कोणी नव्हतं. इतकं सोपं पुन्हा कधी होणार नव्हतं.

“फडकी उकळून ठेवा,” मी म्हटलं. “बाबांनी सांगितलंय.”

चौथ्या दिवशी दोन नवे रोगी आले. पाचव्या दिवशी एक गेला. नवऱ्यानं आणलेला डबा पुलावर तसाच राहिला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. “टाईमच नाई भेटला,” त्या म्हणाल्या. फाटका हातमोजा त्यांनी सुतळीनं बांधला होता. मी बाबांना हातमोज्यांबद्दल सांगितलं. हातमोज्यांबद्दल मी लगेच सांगू शकले. त्यांनी स्वतःचा जोड काढून दिला आणि म्हणाले, “तिला सांग, गुरुवारी नर्स येतेय. दोन दिवस घरी जाऊन झोप म्हणावं.” मी झाडाखालून ओरडून सांगितलं. त्यांनी दोन्ही हात वर करून, आता झोपच झोप, अशी खूण केली.

गुरुवार परवावर होता. नर्स आली की आयाबाई घरी जातील, मग बाबांना सगळं शांतपणे सांगता येईल, असं मी ठरवलं. माझं सगळं धैर्य त्या गुरुवारवर ठेवून मी त्या रात्री नीट झोपले. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं.

बुधवारी सकाळी मी पायरीवर बाटल्या ठेवून झाडाखाली येऊन उभी राहिले. त्या बाहेर आल्या नाहीत. मी बराच वेळ थांबले. मग खिडकीतून एक रोगी बाई ओरडली, “अवं पोरी, बापाले बोलाव. हे आमची बाईच पडली वं!”

त्याच दिवशी पारावर लसीचा दुसरा डोस द्यायचा होता. सकाळी नऊ वाजता बाबा शाळेतून तिथे आले ते हात धुऊन थेट. रांग नव्हती. माणसं होती, पण हात बांधून उभी होती. बातमी त्यांच्या आधी पोचली होती.

“साहेब, सात सुयावाली पडली,” सरपंच म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, भीती होती. “आमची एक सुई काय करन?”

बाबा म्हणाले की लस सगळ्यांनाच सारखी लागू पडत नाही, काहींना घेऊनही होतो, म्हणून ती वाईट ठरत नाही. ते खरंच बोलत होते. त्यांना तेच खरं वाटत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, “सुयांनच झालं असंन. एवढ्या टोचल्यावर बैल पडंन.” बायामाणसांतून आवाज आला, “सुई नाई न काई नाई. माय हाये ते. तिनं आपली धरली बरोबर.”

मी बाबांच्या मागे रुमाल झाकलेला ट्रे घेऊन उभी होते. आत्ता खरं सांगितलं, तर आयाबाईंना लस मिळालीच नव्हती हे लोकांना कळेल. मग लस वाया गेली नाही हेही कळेल. पण त्याच वाक्यात हेही कळेल की डॉक्टरनं सात वेळा त्यांच्यासमोर पाणी टोचलं. मग आम्हाला कशावरून पाणी नाही, असं ते म्हणतील, आणि कशावरून नाही म्हणतील? नाही सांगितलं, तर लस कुचकामी ठरली. दोन्हीकडून रिकामंच. पाच दिवसांपूर्वी मात्र तसं नव्हतं. पाच दिवसांपूर्वी हे चार पावलांचं काम होतं.

अर्ध्या तासानं पार मोकळा झाला. दुसरा डोस त्या गावात झाला नाही. पेटी तशीच परत गेली.

कंपाउंडर काका त्याच दुपारी राळेगावला, आपल्या घरी निघून गेले. त्यांच्या मनानं घेतलं होतं की आपलाही नंबर आहे. सलाईनची बाटली धरायला कोणी नव्हतं. आई दारात आडवी उभी राहिली, पण या वेळी बाबाच म्हणाले, “येऊ दे तिला. तिनं घेतलीय लस.” मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा त्या पायरीच्या पुढे गेले.

पुढचं आधी सांगून टाकते. आयाबाई त्या दिवशी दिवेलागणीच्या आत गेल्या. त्यांच्या वस्तीतल्या माणसांनी त्यांना नेलं. गावातलं कोणी आलं नाही. नर्स गुरुवारी आली, ठरल्याप्रमाणे, नव्या हातमोज्यांचा खोका घेऊन. चार दिवसांनी आयाबाईंचा नवरा दवाखान्यात आला आणि खालच्या पायरीवर उभा राहिला. मला वाटलं, तो भांडायला आला असावा. तो म्हणाला, “साहेब, तिच्या जागी माह्या सुनेले लावा.” पुढच्या महिन्यापासून सून येऊ लागली. तीही त्याच पायरीवर उभी राहते. तिला लस बाबांनी स्वतः टोचली, माझ्यासमोर, आणि माझ्याकडून रजिस्टरात नाव लिहून घेतलं. तिचा दंड सुजला.

बाबांनी मला नंतर एकच विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं. मी सांगितलं. मोठा आवाज त्यांनी केला नाही. ते पंप मारून स्टोव्ह पेटवू लागले, तो पेटेना, आणि ते पंप मारत राहिले. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. आता याला तीन वर्षं होत आली. त्या भागातल्या पटकीबद्दल कोणी काही बोललं की बाबा उठून आत जातात.

राहिलं ते त्या दुपारचं.

आयाबाई भिंतीकडच्या बाजेवर होत्या. मी त्यांना ओळखलं नसतं. डोळे आत गेले होते, गालाची हाडं वर आली होती, बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. मध्येच पोटऱ्यांना गोळे आले की त्या दात आवळायच्या. बाबांना शीर सापडत नव्हती. तिसऱ्यांदा सापडली. मी बाटली उंच धरली. डोकं मात्र त्यांचं लख्ख होतं. या रोगात तसंच असतं, असं बाबा म्हणतात. माणसाला शेवटपर्यंत सगळं कळतं.

“साहेब,” त्या म्हणाल्या. आवाज बसून घोगरा झाला होता. “सात झाल्या होत्या न?”

“हो.”

“मंग काहून?”

बाबा सुईवर पट्टी चिकटवत होते. “काही काही जणांना लस लागू पडत नाही. त्यात तुझा काही दोष नाही.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या. मग डोळे उघडून त्यांनी बाबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

“बेबी, मायच असंन मंग. मीच नेलतं न तिले डोहावर. याच हातानं.” त्यांनी हात थोडा उचलला आणि पाहिला, अजून शेंदूर दिसतोय का असा. “घरचे म्हनत होते, तू नको टाकू. मी आयकलं नाई.”

“असं काही नसतं,” बाबा म्हणाले. पण मग कसं असतं, ते त्यांना माहीत नव्हतं. बाटलीतले थेंब पडत होते. आयाबाई माझ्याकडेच पाहत होत्या, आणि आठ वर्षांपूर्वी ज्या कामाचा त्यांना एवढा अभिमान वाटला होता ते काम माझ्यादेखत त्यांच्या हातातून निसटत होतं. मी बाटली दुसऱ्या हातात घेतली. त्यांना वाचवण्यासाठी आता बोलायचं नव्हतं. गावासाठी नव्हतं, बाबांसाठी तर नव्हतंच.

“आयाबाई, मरीमाय नाही,” मी म्हटलं. “तुम्हाला लस मिळालीच नाही. त्या सुयांमध्ये पाणी होतं. सातही वेळा. मीच भरलं होतं.”